लोणच्यावरचा गोटा

टुक्.

दुपारच्या गप्प घरात एवढाच आवाज झाला. भांडी घासून पालथी घातली होती. वीज गेल्यामुळं पंखाही थांबला होता. सोप्यात मुक्ता आईच्या जुन्या साडीच्या गोधडीवर झोपली होती. अंकिता मेथी निवडत बसली होती. तिनं मान वर करून स्वयंपाकघराच्या कोपऱ्याकडं पाहिलं आणि एकटीच हसली. तो आवाज माझा होता. फार दिवसांनी केला होता मी.

मित्रांनो, मी एक जुना गोटा आहे. काळा, गुळगुळीत, अंड्यासारखा लांबट. वजनाला म्हणाल तर अंगावर पिणाऱ्या लेकराएवढा. रुंद तोंडाच्या चिनी मातीच्या सटात मीठ लावलेला कोबी दाबून भरलाय, त्यावर लाकडाची चकती आहे आणि चकतीवर मी आहे. कोबीला पाणी सुटतं, तो जरा खाली बसतो, त्याच्याबरोबर मीही बसतो. तेव्हा चकती सटाच्या कडेला लागून वाजते, टुक्. मी काही फार मोठं काम करत नाही. नुसता बसतो. पण हे बसणं माझ्या वाट्याला कसं आलं, हातचं जाऊन परत कसं आलं, ते तुम्हांला सांगावंसं वाटतं.

माझा जन्म कधी झाला, ते मला ठाऊक नाही. आमच्यात कुणी वाढदिवस करत नाही. सह्याद्रीच्या एका कड्याचा मी तुकडा. कडा फुटला, मी ओढ्यात पडलो, ओढ्यातून कृष्णेत आलो. तेव्हा मला कोपरे होते आणि मी कुणाशीही भांडायचो. कृष्णामाईनं मला रागावून कधी सांगितलं नाही, नुसतं जवळ घेऊन लोळवत ठेवलं. साताऱ्याच्या मुलखातून सांगलीच्या मुलखात पोचेपर्यंत माझा एकही कोपरा उरला नाही. आज माझ्या अंगाला जी काही मऊ गोलाई आहे, ती तिची देणगी आहे.

पलूस तालुक्यात नदीच्या कडेला एका जागी मी रुतून बसलो. तिथं मला कुणीच विचारलं नाही. धुणं आपटायला मी लहान पडायचो आणि पोरांना पाण्यात भिरकावायला जड. अधलंमधलं असलं की असंच होतं. माझ्या शेजारचे दगड चुलीला गेले, बांधाला गेले, एक तर म्हशीच्या खुंट्याशेजारी जाऊन बसला. मी तिथंच.

मग एका द्राक्षाच्या हंगामात सायाका आली.

सायाका जपानची. तिच्या यजमानांना साताऱ्याकडच्या खंडाळ्याच्या बाजूला एका कारखान्यात काम मिळालं, म्हणून ती नवरा आणि रांगती लेक मेई यांच्याबरोबर इकडं राहायला आली होती. खंडाळ्यात मनुबाईंच्या घराच्या माडीवर त्यांचं बिऱ्हाड होतं. खाली मनुबाई, त्यांचा लष्करात असलेला मुलगा मानसिंग आणि नवी सून अंकिता. अंकिताचं माहेर पलूसकडं. माडीवरची ही परकी बाई दिवसभर लेकराशिवाय कुणाशी बोलत नाही, हे अंकिताला बघवेना. म्हणून माहेरी द्राक्षं खायला जाताना ती सायाकाला घेऊन गेली.

द्राक्षं खाऊन झाल्यावर सायाका म्हणाली, नदीवर जाऊ. नदीवर आल्यावर ती दगड बघायला लागली. एक उचलायचा, दोन्ही हातांत तोलायचा, बोटानं वाजवायचा, परत होता तिथं ठेवायचा. अंकिताचा भाऊ बाळासो काठावर उभा राहून बघत होता.

"आवं ताई," तो म्हणाला, "दगडच पायजे तर आमच्या रानात चिक्कार हायत. ट्रॉली भरून घरपोच देतो."

"गप रं," अंकिता म्हणाली. "तुला बायको बघताना एवढं बघितलं असतंस तर बरं झालं असतं."

सायाकाला ते कळलं नसावं, पण हसली ती. आणि मग तिनं मला उचललं. वाजवलं. गालाला लावलं. परत खाली ठेवलं नाही. जी वाट यायला मला कितीतरी पिढ्या लागल्या होत्या, ती मी एका दुपारात मोटारीच्या डिकीतून उलटा गेलो.

माडीवर नेल्यावर तिनं मला ब्रशनं घासलं आणि मोठ्या पातेल्यात उकळलं. मनुबाई विरजण द्यायला वर आल्या होत्या. त्यांनी झाकण उचलून बघितलं, तसंच ठेवलं आणि खाली जाऊन सुनेला म्हणाल्या, "बाई दगडाचा रस्सा करतीया. तिला खालनं काहीतरी कालवण दिऊन ये."

तो रस्सा नव्हता. सायाकाच्या गावी घरोघरी असा एक दगड असतो. मुळा, कोबी, काकडी, वांगी मिठात घालायची आणि वर दगड ठेवायचा. दगडाच्या भारानं भाजीतलं पाणी निघतं, त्याच पाण्यात ती मुरते. तिच्या आजीचा दगड तिच्या आईकडं होता. तो विमानातून आणायचा कसा? इकडं आल्यावर तिनं आधी पिशवीत विटा घालून बघितल्या, मग पिठाचा डबा ठेवून बघितला. लोणचं झालं, पण तिच्या तोंडाला ते घरचं लागेना. नदीवरून मी आलो आणि त्या आठवड्यात ती पहिल्यांदा दोन वेळा भात घेऊन जेवली. हे मी बघितलंय. त्या दिवसापासून मला मी कोण आहे ते कळलं.

काय दिवस होते ते. रोज सकाळी सायाका मला दोन्ही हातांनी उचलायची, धुवायची, पुसायची, भाजी वरखाली करायची आणि परत ठेवून वर पांढरं स्वच्छ फडकं झाकायची. अंकिता काम आवरून वर यायची आणि शिकायची. एक दिवस तिनं कोबीत हिरवी मिरची आणि चिमूटभर मोहरी घातली. सायाकानं चाखून बघितलं, डोळ्यांत पाणी आलं तिच्या, आणि ती मनुबाईंकडून शिकलेल्या मराठीत म्हणाली, "लय भारी हाय. पण लय तिखट हाय." मेई माझ्याशेजारी मांडी घालून कोबी कुरकुर खायची. तिला तेच लोणचं माहीत. आईच्या देशातलं आणि अंकिताच्या मिरचीचं.

आता मनुबाईंचं काय झालं, ते सांगतो. त्यांना तुम्ही हसू नका, कारण त्यांची चूक फार चांगल्या माणसाची चूक होती.

मनुबाईंचे गुडघे दुखायचे, त्यामुळं त्या माडीवर कधीमधी यायच्या. त्यांनी बघितलं ते एवढंच: एक काळा दगड आहे. त्याला रोज आंघोळ घालतात. वर पांढरं वस्त्र असतं. त्या कोपऱ्यात कुणी चपला घालून जात नाही. आणि मायलेकी जेवायला बसतात तेव्हा त्या कोपऱ्याकडं तोंड करून आधी हात जोडतात. सायाकाच्या देशात जेवणाआधी हात जोडायची रीतच आहे, आणि जेवणाचं बुटकं टेबल माझ्याकडं तोंड करून ठेवलेलं होतं ते खिडकीतल्या उन्हामुळं. पण मनुबाईंना वाटलं, हा यांचा देव. विचारलं असतं तर तिथंच उलगडा झाला असता. पण दुसऱ्याच्या देवाबद्दल खोदून विचारणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. एक दिवस सायाका बाजारात गेलेली बघून त्या हळूच वर आल्या आणि माझ्यावर जास्वंदीचं फूल ठेवून गेल्या.

सायाका आली. फूल बघितलं. तिला वाटलं, लोणचं चांगलं व्हावं म्हणून इथं असं करत असतील. तिनंही विचारलं नाही. ते फूल तिनं पेल्यात पाणी घालून सुकेपर्यंत जपलं. दोन घरची माणसं इतक्या आदरानं वागत होती की खरं बोलायला जागाच राहिली नाही.

मग सायाकाच्या यजमानांची मुदत संपली. अंकिता तेव्हा बाळंतपणाला माहेरी होती, मुक्ता आठवड्याची होती. निघायच्या सकाळी सायाका मला घेऊन खाली आली. अंकिताला द्या, एवढंच तिला म्हणायचं असणार, पण मनुबाईंना बघितल्यावर ते राहूनच गेलं. तिनं मला दोन्ही हातांवर घेतलं, कमरेत पार वाकली आणि मनुबाईंच्या हातांत दिलं. मनुबाईंनी पदर डोक्यावरून घेतला आणि मग मला धरलं. देव सोपवून चाललेला माणूस असाच वाकणार, असं त्यांना वाटलं.

त्यांनी मला देव्हाऱ्यात ठेवलं नाही. आपल्या देवांत दुसऱ्याचा देव बसवला तर दोघांनाही अवघडल्यासारखं होईल, असा त्यांनी विचार केला. परसात तुळशीपाशी, शेवग्याच्या सावलीत, मला पाटावर बसवलं. तोंड पूर्वेला, कारण सायाकाचा देश तिकडं. माझं तोंड कुठलं, ते त्यांनीच ठरवलं. हळद, कुंकू, तांब्याभर पाणी. नैवेद्याला भात, पण आमटीशिवाय, कारण त्या लोकांना तिखट सोसत नाही.

त्याच महिन्यात मानसिंगची बदली लडाखकडं झाली.

अंकिता बाळाला घेऊन सासरी आली. तुळशीपाशी मला बघून ती जागच्या जागी थांबली. तिनं तोंड उघडलं होतं. पण मनुबाईंनीच आधी नातीचं डोकं माझ्यापुढं टेकवलं.

"हिकडं बघ, पोरी," त्या तान्ह्या मुक्ताला म्हणाल्या, "ह्यो परमुलखात गेलेल्याला सांभाळणारा देव हाय. त्या बाईला कुठनं कुठं आणलं आन सुखरूप घरी नेलं. आपल्या मानसिंगालाबी ह्योच सांभाळणार हाय."

अंकिता सासूला आत्या म्हणते. "आत्या," ती म्हणाली. बाळाला दुपट्यात घट्ट घेतलं आणि आत गेली.

मित्रांनो, पूजा घेणं वाईट नसतं. मला कुणी लाथाडलं नाही, फेकलं नाही. उलट घरातल्या कुणाहीपेक्षा जास्त मान मला होता. पण मनुबाई रोज सकाळी माझ्यापुढं बसून म्हणायच्या, "तितं थंडी लय हाय, बघ रं बाबा," आणि मला थंडीचं काही करता येत नव्हतं. मी गोटा. मला कोबीचं कळतं. मुक्ता रांगायला लागली, चालायला लागली, माझ्या पाटाशी शेवग्याची फुलं मांडायला लागली. अंकिता येता-जाता माझ्याकडं बघायची आणि पटकन नजर वळवायची. दोघंच होतो आम्ही खरं जाणणारे, आणि दोघंही गप्प.

मग समीक्षा आली. पुण्याहून आलेली, पुरातत्त्व शिकलेली मुलगी. खंडाळ्याच्या आजूबाजूला जी जपानी कुटुंबं राहून गेली, ती इथं रोजचं कशी जगली, याचा ती अभ्यास करत होती. जुनी नाणी नको, मूर्ती नकोत. चपला कुठं काढायचे, खिळे कुठं ठोकले, केर कुठं टाकला, हे तिला हवं होतं. तिनं परसातला केराचा जुना खड्डा उकरायची परवानगी मागितली.

"आमच्या उकिरड्यात तुला काय घावणार गं?" मनुबाई म्हणाल्या. "माझी जोडवी घावली तर तेवढी दे. लगीन झाल्यापास्नं घावंनात."

समीक्षा माती चाळायला बसली. निळ्या नक्षीच्या वाडग्याचे तुकडे निघाले. मेईच्या डब्यात भात आणि भाजीच्या मध्ये घालायची हिरव्या प्लॅस्टिकची गवतासारखी पानं निघाली. मुक्तानं ती ओळीनं मांडली. जोडवी काही निघाली नाहीत.

"आजी," समीक्षा म्हणाली, "माडीवर ओट्याखाली शहाबादी फरशीवर एक पांढरं कडं उमटलंय. मिठाचं वाटतं. तिथं काय असायचं?"

मनुबाई काही बोलायच्या आत अंकिता घाईनं म्हणाली, "रंगाचा डबा होता. रंगाचाच."

समीक्षानं मान हलवली, पण तिला ते पटलं नसावं. ती म्हणाली, "सायाकाताईंनाच विचारू. त्यांनी मला आज फोन करायला सांगितलंच आहे. तुम्हां सगळ्यांना बघायचंय त्यांना."

अंकिताच्या हातातलं सूप थांबलं.

फोनवर सायाकाचा चेहरा आला. मनुबाईंनी फोन हातात घेतला आणि लांब धरला. सायाकाच आधी बोलली.

"आवं आई, कशा हाय तुमी? गुडघा कसा हाय?"

"हाय तसाच हाय. तू वाळलीस गं."

"आई, माझा दगड हाय का? लोणचं टाकता का तुमी?" सायाका म्हणाली. "मेई लय आठवण काढती. हितल्या दगडाला तसं जमत न्हाई म्हणती."

फोन परसातच चालला होता. मी तिथंच होतो, अंगावर सकाळचं ताजं कुंकू घेऊन. अंकिता सूप टाकून पुढं आली, फोन घ्यायला हात केला. मनुबाईंनी तो हात बाजूला सारला. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग फोन हळूच भिंतीच्या बाजूला वळवला, मी दिसू नये असा.

"टाकतो की," त्या म्हणाल्या. "सारखं टाकतो. लय झ्याक हुतंय. मुक्ता तर त्येच्याबिगार जेवत न्हाई. उजेडात तुझं त्वांड दिसंना गं, ठेवते आता."

फोन समीक्षाच्या हातात देऊन त्या तुळशीच्या कट्ट्यावर बसल्या. समीक्षा हळूच उठून चाळणीकडं गेली.

"तुला ठावं हुतं," मनुबाई सुनेला म्हणाल्या.

"व्हय आत्या."

"आन तू गप ऱ्हाईलीस."

"तुमी रोज ह्यांच्यासाठी बसत हुता त्याच्याफुडं," अंकिता म्हणाली. "मी कसं सांगायचं?"

मनुबाईंनी पदरानं तोंड पुसलं. मला वाटलं, आता मला परसाच्या भिंतीपलीकडं टाकतील. त्यांनी मला टाकलं असतं तरी मी रागावलो नसतो. पण त्या उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या आणि मला उचललं.

"सायाकाला मी सांगितलंय, लोणचं टाकतो म्हून. ते खोटं पडू द्यायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "माळ्यावरला सट काढ. कोबी आण. आन मिरची बेतानं घाल."

समीक्षानं विचारलं, "आजी, हा गोटा आमच्या संग्रहालयात ठेवायला द्याल? काचेच्या पेटीत ठेवू, खाली माहिती लिहू."

"कामावरल्या माणसाला कुणी पेटीत बसवतं का, पोरी?" मनुबाई म्हणाल्या. "तुला फुटकं खापर पायजे ते ने. ह्याला आधीच मी फुकट बसवून ठेवला." आणि मग त्या थोड्याशा हसल्या. समीक्षानं माझा फोटो घेतला, फरशीवरच्या पांढऱ्या कड्याचाही घेतला, आणि वाडग्याचे तुकडे कापसात गुंडाळून घेऊन गेली.

कालच मनुबाईंनी मला स्वतः धुतलं. जाड मीठ लावून, गरम पाण्यानं. एवढ्या दिवसांची हळद सहजी निघत नव्हती. घासता घासता त्यांचा हात मध्येच थांबायचा, मग परत चालू व्हायचा. मला वाटतं, त्या काहीतरी मनात म्हणत होत्या. माझ्या एका बाजूला पिवळसर डाग राहिलाय अजून. तो असू दे.

मित्रांनो, मी फार भाग्याचा गोटा आहे. नदीनं मला घडवलं, सायाकानं मला काम दिलं, मनुबाईंनी मला नको तेवढा मान दिला आणि अंकितानं माझं खरं जपून ठेवलं. तुमच्याही घरात कुठल्यातरी कोपऱ्यात एखादी साधी वस्तू असेल. बिनझाकणाचा डबा, पळी, पाट, कुणीतरी लांबून आणलेला पेला. तिला फेकू नका, आणि कौतुकानं कपाटात कोंडूनही ठेवू नका. ती कुणी आणली, कशासाठी आणली, ते घरातल्या मोठ्यांना विचारा. लाजू नका विचारायला. आणि मग तिला हातात घ्या, वापरा. आम्हांला हात लागले की आम्ही जिवंत असतो.

आज दुपारी मी टुक् वाजलो, तेव्हा मनुबाई शेजारी वाटीत थोडं अर्धवट मुरलेलं लोणचं घेऊन गेल्या होत्या, चव बघायला द्यायला. अंकितानं मेथी बाजूला सारली, माझ्यावरचं फडकं उचललं. कोबीला चांगलं पाणी सुटलं होतं. तिनं बोट बुडवून चाखलं आणि डोळे मिटले. मला माहीत आहे तिला कोण आठवलं.

आवाजानं मुक्ता जागी झाली होती. डोळे चोळत परसात गेली, रोजच्यासारखी शेवग्याची फुलं मुठीत वेचली. पाट रिकामा बघून परत आत आली. मला सटात बघून ती माझ्याजवळ उकिडवी बसली.

"आई, देव हितं का बसलाय?"

"तो देव नव्हता, बाळा. लोणच्याचा गोटा हाय. सायाकामावशीचा."

मुक्तानं मूठ उघडली नाही. तिनं माझ्याकडं बघितलं, मग आईकडं.

"मग आता बाबांना कोण सांभाळतंय?"

अंकिताचा ओला हात माझ्यावर होता. तो तिथंच राहिला.